दुग्धज्वर : एका नावाची आणि एका लक्षणाची मीमांसा

मराठी पशुवैद्यकीय लेखनात 'दुग्धज्वर' या नावाने जो विकार ओळखला जातो, त्यात ज्वर नसतो. व्यालेली गाय पहिल्या एकदोन दिवसांत अडखळू लागते, मग खाली बसते, मान कुशीकडे वळवून पडून राहते, आणि तिच्या कानाला हात लावला तर तो गार लागतो. तापमापक लावला तर पारा गाईच्या नेहमीच्या तापमानाच्या, म्हणजे सुमारे ३८.५ अंश सेल्सियसच्या, खालीच थांबतो. तेव्हा या सामासिक शब्दाचे पूर्वपद खरे आणि उत्तरपद खोटे आहे. विकाराचा संबंध दुधाशी आहे, ज्वराशी नाही. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असते. आणि प्रधान पदच जेथे चुकीचे, तेथे ऐकणाऱ्याचे लक्ष कोठे वळेल हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. अहमदनगर जिल्ह्यात, २०२४ पासून ज्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे, तो रोजच्या व्यवहारातला प्रश्न आहे. संकरित गाईंच्या दुधावर जेथे असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो, तेथे गाय पडल्यावर पहिला निरोप दूरध्वनीवरून, शब्दांनीच द्यावा लागतो, आणि तो ऐकणाऱ्या पशुवैद्यासमोर त्या क्षणी गाय नसते. असतात ते केवळ शब्द.

हे नाव मराठीने आपल्या अनुभवातून घडविलेले नाही. इंग्रजीतील 'मिल्क फीव्हर' आणि जर्मन भाषेतील 'मिल्खफीबर' यांचे ते सरळ भाषांतर होय. इंग्रजीतही हा शब्द मुळात गुरांचा नव्हे. बाळंतिणीला दूध उतरू लागताना जो ताप येतो असे पूर्वी मानले जाई, त्याचे ते नाव होते. पुढे ते व्यालेल्या गाईच्या विकाराला चिकटले, आणि गाईला ताप नसतो हे ठाऊक झाल्यावरही सुटले नाही. मराठीने ते घेतले तेव्हा त्यातील चूकही घेतली. शिवाय तीवर संस्कृतचा साज चढविला. 'दुधाचा ताप' असे कोणी म्हटले असते तर ऐकणाऱ्याने 'पण ताप कोठे आहे?' असे विचारले तरी असते. 'दुग्धज्वर' या शब्दाला तसे विचारण्याचे धैर्य सहसा होत नाही. पारिभाषिक शब्दाचे भारदस्तपण पुष्कळदा असेच चूक झाकून ठेवण्याच्या कामी येते.

मराठीजवळ या विकाराला स्वतःचे जुने नाव का नसावे, याचे उत्तर भाषेत नसून जिल्ह्याच्या शेतीच्या इतिहासात सापडते. अकोले तालुक्याच्या डोंगराळ, पावसाळी भागातील डांगी जनावरे आणि पठारावरील खिल्लारी बैल यांची पैदास ओढकामासाठी झालेली. त्या गाई वासराला पुरून उरेल तेवढे दूध देत, आणि थोडे दूध देणाऱ्या गाईत हा विकार विरळाच आढळतो. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस पसरला; १९५० साली लोणी येथे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेने कृत्रिम रेतनाने संकरित गाईंचा प्रसार केला. १९६८ साली राहुरीस कृषी विद्यापीठ आले, आणि तेथे होल्स्टीन, जर्सी व गीर या तीन जातींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही गाय तयार झाली. ज्या गोठ्यात पूर्वी दोन शेर दूध निघे, तेथे एकेक गाय दिवसाला पंधरावीस लिटर देऊ लागली. विकार या दुधाबरोबर आला. एकदोन पिढ्यांत आलेल्या दुखण्याला लोकभाषेने नाव द्यावे तेवढ्यात छापील पुस्तिकेतले तयार नाव पोहोचले.

गाय का बसते, याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. चांगल्या गाईच्या रक्तात कॅल्शियमचे प्रमाण दर १०० मिलिलिटरला साधारण ८.५ ते १० मिलिग्रॅम असते. सबंध रक्तद्रवात एका वेळी फिरणारे कॅल्शियम सुमारे ३ ग्रॅम भरते. आता चिकाचा विचार करावा. दहा लिटर चिकात सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम जाते. म्हणजे रक्तात असलेल्या साठ्याच्या सातआठ पट कॅल्शियम एका दोहनात कासेतून बाहेर पडते. ही तूट दोन ठिकाणांहून भरून यावयाची असते. एक हाडे, ज्यांत शरीरातील जवळजवळ ९९ टक्के कॅल्शियम साठलेले असते. दुसरे आतडे, जे चाऱ्यातून ते शोषून घेते. परंतु ही दोन्ही दारे आपोआप उघडत नाहीत. गळ्यातील परावटू ग्रंथींनी आपला स्राव सोडावा, त्याने मूत्रपिंडास 'ड' जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप तयार करावयास लावावे, मग आतड्याने शोषण वाढवावे आणि हाडांनी साठा सोडावा, या सगळ्याला एक ते दोन दिवस लागतात. गाय विते आणि दूध उतरते ते मात्र तासांच्या हिशेबाने. बहुतेक गाई हे अंतर कसेबसे ओलांडतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या रक्तातील कॅल्शियम साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली येते, आणि त्या बसतात. तिसऱ्या वेतापासून पुढे धोका वाढतो, कारण वयाबरोबर दूध वाढते आणि हाडांचा प्रतिसाद मंदावतो. जर्सी जातीच्या गाईंत तो अधिक असतो. 'ड' जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारी ग्राहकस्थाने त्यांच्या आतड्यात तुलनेने कमी असतात असे आढळले आहे. येथे एक भाषिक अडचण नोंदवावीशी वाटते. पश्चिम महाराष्ट्रात कोणत्याही संकरित गाईला सरसकट 'जर्सी' म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. काळ्यापांढऱ्या होल्स्टीन संकरालाही ते नाव लागते. त्यामुळे 'जर्सी बसली' या निरोपातून जात कळत नाही. कळते ते इतकेच की गाय गावठी नाही.

कॅल्शियम कमी झाल्याने स्नायू दुबळे का व्हावेत? शाळकरी समजुतीप्रमाणे कॅल्शियम हे हाडांचे द्रव्य. पण रक्तातील त्याचा लहानसा अंश मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधील संदेशवहनाचा आधार असतो. मज्जातंतूच्या टोकाशी संदेश पोहोचला की बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, आणि ते शिरल्यावरच तेथे साठविलेले अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटून स्नायूपर्यंत जाते. बाहेर कॅल्शियमच नसेल तर मेंदूने आज्ञा केली, तंतूने ती वाहून आणली, तरी शेवटच्या अत्यल्प अंतरावर ती अडते. स्नायू शाबूत असतो, तंतू शाबूत असतो. दोहोंमधील पूल तेवढा वाहून गेलेला असतो. म्हणून गाय लुळी पडते. आतड्यांचे, कोठीपोटाचे, गर्भाशयाचे स्नायूही त्याच अडचणीत सापडतात: रवंथ बंद होते, शेण पडत नाही, पोट फुगते, वार अडकून राहते. हृदयाचे ठोके क्षीण होतात, त्वचेकडे जाणारा रक्तप्रवाह घटतो, आणि कान गार पडतात. जिला 'ज्वर' म्हटले तिचे सर्वांत सोपे लक्षण हे असे ज्वराच्या नेमके उलट आहे.

तथापि कॅल्शियमचे दुसरेही एक काम आहे, आणि ते पहिल्याच्या जवळजवळ विरुद्ध दिशेने चालते. मज्जातंतूच्या आवरणावर बाहेरून राहून ते त्याला शांत ठेवते. ते कमी झाले की तंतू विनाकारण उत्तेजित होतो, आज्ञा नसताना संदेश पाठवू लागतो. म्हणजे एकाच उणिवेतून दोन परिणाम संभवतात: तंतू अति बोलका होतो, किंवा त्याचे बोलणे स्नायूपर्यंत पोहोचत नाही. गाईत पहिला परिणाम थोडा वेळ दिसतो. सुरुवातीस ती बिथरल्यासारखी वागते, कातडी थरथरते, मागचे पाय ताठरून झोल जातो. ही अवस्था पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही. मग दुसरा परिणाम तिच्यावर मात करतो. कुत्रीत मात्र स्नायूपर्यंतचा पूल शाबूत राहतो, आणि म्हणून पहिलाच परिणाम शेवटपर्यंत टिकतो. पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या, पुष्कळ पिले झालेल्या कुत्रीला व्याल्यानंतरच्या पहिल्या तीनचार आठवड्यांत हा विकार होतो. ती धापा टाकते, अस्वस्थपणे फिरते, पिलांकडे दुर्लक्ष करते, चालताना पाय ताठ पडतात, अंगाला कापरे भरते आणि अखेर झटके येतात. स्नायूंच्या सततच्या आकुंचनाने शरीर तापते. तापमान ४१ अंशांच्या वर जाऊ शकते. ज्या विकाराच्या नावात ज्वर आहे तेथे अंग गार, आणि जेथे अंग खरोखर पोळते तेथे नावात ज्वर नाही. दोन्हींच्या मुळाशी मात्र दुधावाटे गेलेले कॅल्शियमच आहे.

कुत्रीच्या या अवस्थेला मराठीत प्रचलित असे नावच नाही, आणि नाव नसले की जवळचे दुसरे नाव पुढे येते. 'आकडी आली' म्हटले जाते. अंग ताठले म्हणून 'धनुर्वात' म्हटले जाते. आणि लाळ गळणारी, लटपटणारी, मालकाला न ओळखणारी कुत्री पाहून 'पिसाळली' हा शब्द उच्चारला गेला, तर तिच्या जवळ जाण्यास कोणी धजत नाही. रेबीजची शंका कोणीही हलकी मानू नये, आणि ती फेडण्याचे काम पशुवैद्याचेच. परंतु त्याला प्रथम कळले पाहिजे की कुत्री अडीच आठवड्यांपूर्वी व्याली आहे आणि तिच्या अंगावर पाच पिले पीत आहेत. 'पिसाळली' या एका क्रियापदाने हे सारे पुसले जाते. शिरेवाटे सावकाश कॅल्शियम दिल्यास ही कुत्री बहुधा थोड्याच वेळात शांत होते. उपचार न झाल्यास दगावू शकते.

येथे 'पाळीव' या विशेषणाकडेही पाहिले पाहिजे. मराठीत गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर हे सारेच पाळीव प्राणी. इंग्रजीत ज्याला 'पेट' म्हणतात, म्हणजे केवळ लळ्यासाठी ठेवलेला प्राणी, त्याच्यासाठी मराठीत वेगळा शब्द रूढ नाही. शहरी बोलीत अलीकडे 'पेट' हाच शब्द आला आहे, आणि त्याबरोबर 'पेट क्लिनिक' व 'गुरांचा दवाखाना' अशी फाळणीही. मराठी शब्दाची व्याप्ती शरीरक्रियेच्या दृष्टीने अधिक उपकारक आहे असे म्हणता येईल; कारण गाय आणि कुत्री एका शब्दाखाली आल्या की त्यांच्यातील साम्य आणि भेद दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.

आता मूळ लक्षणाकडे, म्हणजे 'बसणे' या क्रियापदाकडे वळू. 'गाय बसली' हे वाक्य निरोगी गाईबद्दलही रोज बोलले जाते. विकाराची सूचना क्रियापदात नसून स्वरात, काळात किंवा जोडशब्दात येते: 'बसूनच आहे', 'बसली ती उठली नाही'. परंतु मराठीत याहून सूक्ष्म भेद करण्याची सोय आहे, आणि ती शक्य क्रियापदांत आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून व्याकरणात परिचित असलेला हा प्रकार: 'मी चालत नाही' आणि 'मला चालवत नाही'. पहिल्यात क्रिया घडत नाही एवढेच कळते. दुसऱ्यात कर्त्याच्या अंगी सामर्थ्य नाही असे कळते. 'गाय उठत नाही' आणि 'गाईला उठवत नाही' यांतही तोच भेद. पहिले वाक्य निरीक्षणाचे, दुसरे निदानाचे. खाली बसलेल्या जनावरापुढे पशुवैद्य पहिला जो प्रश्न सोडवितो तो हाच असतो: ते उठू इच्छीत नाही, की इच्छा असून उठू शकत नाही?

एवढ्यावरून लोकभाषेने शास्त्राचे काम आधीच करून ठेवले आहे असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. या रचनेत दोन अडचणी आहेत. पहिली संदिग्धतेची. 'उठवणे' हे प्रयोजक क्रियापदही आहे. त्यामुळे 'गाईला उठवत नाही' याचा 'गाईला कोणी उठवीत नाही' असाही अर्थ निघतो, आणि वाक्य तुटक ऐकू आले तर तोच आधी निघेल. 'गाईच्याने उठवत नाही' असे म्हटल्यास ही संदिग्धता राहत नाही, कारण 'च्याने' हा प्रत्यय कर्त्याच्या सामर्थ्याखेरीज दुसरे काही सुचवीत नाही. मात्र हा प्रयोग तरुणांच्या बोलण्यातून मागे पडत चालला आहे. दुसरी अडचण अधिक खोल आहे. 'मला ते बघवत नाही' असे म्हणणाऱ्याचे डोळे अधू नसतात. शक्य क्रियापद शरीराच्या सामर्थ्याबरोबर मनाचेही असामर्थ्य सांगते, दोहोंना वेगळे करीत नाही. माणूस स्वतःविषयी बोलतो तेव्हा हा अभेद चालतो. जनावराविषयी बोलताना तोच भेद हवा असतो: गाय सुस्त, जगाकडे पाठ फिरविल्यासारखी पडली आहे, की डोळे टवटवीत आहेत, चारा खाते आहे, पुढचे पाय टेकून सरपटू पाहते आहे आणि मागचा भाग तेवढा उचलत नाही?

या दुसऱ्या चित्राचे कारण बहुधा वेगळे असते. कॅल्शियमने जिची सुस्ती गेली, कान गरम झाले, पण जी तरीही उठत नाही, अशा गाईत फॉस्फरस किंवा पोटॅशियम यांच्या उणिवेचा विचार करावा लागतो. किंवा तास न् तास एकाच कुशीवर पडून राहिल्याने मांडीचे स्नायू आणि मज्जातंतू चेपले गेल्याचा. पाचसहाशे किलो वजनाखाली दबलेल्या स्नायूंची हानी काही तासांतच सुरू होते. म्हणजे सकाळी ज्या बसण्याचे कारण रक्तात होते, संध्याकाळी त्याच बसण्याचे कारण स्नायूत असते, आणि क्रियापद तेच राहते. अशा गाईखाली जाड पेंढा घालावा, तिची कूस दर काही तासांनी बदलावी, हे सांगण्यामागचे कारण हे होय.

पोटॅशियमचा मार्ग कॅल्शियमहून निराळा आहे. ते पेशींच्या आत असते, बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट अधिक. आणि या तफावतीवरच स्नायुपेशीच्या आवरणावरील विद्युत्‌दाब अवलंबून असतो. बाहेरचे पोटॅशियम फार घटले की हा दाब वाढून पेशी उत्तेजनाला दाद देईनाशी होते. काही दिवस चारा न खाल्लेल्या, किंवा विशिष्ट प्रकारची स्टेरॉईडे वारंवार दिली गेलेल्या गाईत हे घडते. मांजरात ते अधिक नजरेत भरते. मूत्रपिंडाच्या जुन्या विकाराने पोटॅशियम गमावलेले मांजर मान उचलू शकत नाही. हनुवटी छातीला टेकते, आणि ते खालूनच वर पाहते. मांजराच्या मानेत डोके तोलून धरणारा तो मजबूत बंध नसतो जो गाईत व कुत्र्यात असतो. म्हणून स्नायू दुबळे झाले की मानच प्रथम पडते. मराठीत 'मान टाकली' हा वाक्प्रचार आहे, पण तो आसन्नमरण अवस्थेसाठी राखलेला आहे. मान कुशीत वळविलेली गाय आणि हनुवटी टेकलेले मांजर या दोघांबद्दल तो वापरला गेला, तर ऐकणाऱ्यास दोन्ही ठिकाणी आशा संपल्याचेच कळते. वस्तुतः दोन्ही अवस्था वेळीच ओळखल्या तर बहुधा सुधारण्यासारख्या असतात.

पक्षाघाताच्या शब्दांतही असाच घोटाळा आहे. 'लकवा मारला', 'अंगावरून वारे गेले' हे प्रयोग अर्धांगासाठी रूढ. ते गाईलाही लावले जातात. दोहोंतही आघात बाहेरून, अकस्मात आणि कायमचा आहे असे गृहीत धरलेले आहे. ज्याच्या अंगावरून वारे गेले त्याच्यासाठी शेक, मालिश आणि धीर यांपलीकडे काही सुचत नाही. शिरेतून काही तासांच्या आत द्यावयाच्या औषधाची कल्पना त्या शब्दात बसत नाही. याउलट 'तिवा' हे नाव पाहावे. पावसाळ्यात व त्यानंतर चावणाऱ्या कीटकांमार्फत पसरणारा हा विषाणुजन्य ताप; लोक या नावाचा संबंध तीन दिवसांशी जोडतात, आणि रोग बहुधा तेवढ्या मुदतीत उतरतोही. तिव्यात जनावर लंगडते, थरथरते, कधी बसूनही राहते. तापमान ४० अंशांच्या वर जाते. गंमत अशी की तिव्याच्या तापातही रक्तातील कॅल्शियम घटते, आणि बसलेल्या जनावराला त्याचाही उपयोग होतो. तेव्हा या जिल्ह्यातील गोठ्यात गाय बसली असता तापमापकच दोन वाटा वेगळ्या करतो. ज्याच्या नावात ज्वर नाही तेथे ताप सापडतो, ज्याच्या नावात आहे तेथे सापडत नाही. 'ज्वर' ऐकून ताप उतरविण्याचे औषध शोधणारा मनुष्य शब्दाशी प्रामाणिक असतो; गाईला मात्र त्याचा काही उपयोग होत नाही.

'क्षार' हा शब्द या साऱ्यांना एकत्र बांधणारा आहे, आणि तोही निर्वेध नाही. शास्त्रीय परिभाषेत कॅल्शियम, पोटॅशियम, सोडियम यांच्या विरघळलेल्या, विद्युत्‌भारित रूपांना विद्युत् विच्छेद्ये म्हणतात. हा शब्द गोठ्यात जाणार नाही हे उघड आहे. तेथे 'क्षारमिश्रण' आणि 'क्षारांची कमतरता' हेच चालते. परंतु कालव्याच्या पाण्याने 'क्षारपड' झालेली जमीन ज्याने पाहिली आहे, त्याच्या मनात क्षार म्हणजे जमीन मारणारी पांढरी पुटे. एकच शब्द रानात हानिकारक आणि गव्हाणीत हितकारक. 'क्षार' म्हणण्यापेक्षा त्या त्या द्रव्याचे नावच घ्यावे हे बरे. 'कॅल्शियम' हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे की त्याला प्रतिशब्दाची गरज उरलेली नाही.

मात्र रुळलेला शब्दही दिशाभूल करू शकतो. गाईला कॅल्शियम कमी पडते, तर ती गाभण असतानाच ते भरपूर द्यावे, हा तर्क सरळ आहे आणि चुकीचा आहे. विण्यापूर्वीच्या अखेरच्या दोनतीन आठवड्यांत बाहेरून विपुल कॅल्शियम मिळत राहिले तर परावटू ग्रंथींना काम उरत नाही. हाडांची आणि आतड्याची दारे बंदच राहतात, आणि चीक उतरण्याच्या घटकेला ती उघडावयास उशीर होतो. पोटॅशियमने समृद्ध चाऱ्याचाही असाच परिणाम होतो: रक्त किंचित अल्कधर्मी बनते आणि परावटू स्रावाला शरीर नीट दाद देत नाही. म्हणूनच या काळात अमोनियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट यांसारखे उलट प्रवृत्तीचे क्षार पशुवैद्याच्या देखरेखीखाली देण्याची पद्धत आली. या जिल्ह्यात उसाच्या वाढ्यांचाही विचार करावा लागतो. साखर कारखान्यांच्या हंगामात वाढे स्वस्त आणि मुबलक. परंतु त्यांतील ऑक्झॅलेट आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि चाऱ्यात असलेले कॅल्शियमही गाईच्या अंगी लागत नाही. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडून ती खाऊ घालावीत, आणि निव्वळ वाढ्यांवर जनावर ठेवू नये, असा सल्ला दिला जातो तो यासाठी. 'कॅल्शियम द्या' या वाक्यात 'केव्हा' हे क्रियाविशेषण नसेल तर ते वाक्य अपुरे आहे.

उपचाराचा इतिहास थोडा विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकात बसलेल्या गाईंपैकी बहुसंख्य मरत. १८९७ साली डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील श्मिट या पशुवैद्याने विषाची कल्पना मनात धरून कासेत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण भरले, आणि गाई उठू लागल्या. थोड्याच वर्षांत असे आढळले की नुसती हवा भरली तरी गाई उठतात. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. फुगलेल्या कासेच्या दाबाने दूध तयार होणे थांबे आणि कॅल्शियमची गळती बंद होई, हे स्पष्टीकरण १९२५ च्या सुमारास रक्तातील कॅल्शियमची घट मोजली गेल्यानंतरच शक्य झाले. चुकीच्या कल्पनेतून बरोबर उपचार निघाल्याचे वैद्यकात जे दाखले आहेत, त्यांत हा ठळक म्हणावा लागेल. आणि ज्यांचा विश्वास 'वाऱ्या'वर आहे त्यांनाही तो रुचावा. पुढे कॅल्शियम बोरोग्लुकोनेटचे द्रावण शिरेतून देण्याची रीत आली, व आजही तीच मुख्य आहे. ते कोमट करून, सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत द्यावे लागते, कारण घाईने दिलेले कॅल्शियम हृदय थांबवू शकते. हे काम जाणत्या हातांचे आहे.

पशुवैद्य येईपर्यंत घरच्यांनी काय करू नये, हे मात्र सर्वांस कळले पाहिजे. मराठी घरात दुखणाइताला प्रथम काही तरी 'पाजले' जाते. बसलेल्या गाईला बाटलीने औषध, गूळपाणी किंवा तेल पाजणे धोक्याचे असते, कारण गिळण्याचे स्नायूही दुबळे झालेले असतात. द्रव अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि कॅल्शियमने उठलेली गाय चार दिवसांनी फुप्फुसदाहाने जाते. तिला छातीवर बसते ठेवावे, आडवी पडू देऊ नये, दोन्ही बाजूंनी पेंढ्याच्या गंज्यांचा आधार द्यावा. आणि १९६२ या पशुसेवेच्या क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात निरोप देताना 'दुग्धज्वर झाला' किंवा 'लकवा मारला' असे न म्हणता जे दिसते ते सांगावे: व्याल्याला किती तास झाले, वेत कितवे, कान गार की गरम, उठण्याचा यत्न करते की नाही, मान कोठे आहे, वार पडली की नाही. यांतील प्रत्येक शब्द गोठ्यातला आहे आणि प्रत्येकाला निदानात मोल आहे. 'प्रसूतिजन्य कॅल्शियमन्यूनता' असा निर्दोष शब्द ग्रंथात वापरावयास हरकत नाही. परंतु त्यातील एकही घटक डोळ्यांना दिसणारा नाही, आणि रात्री दोन वाजता कंदिलाऐवजी आता मोबाईलच्या उजेडात गाय पाहणाऱ्याला सांगता येते ते दिसणारेच.

द्रावण शिरेत जाऊ लागल्यावर काही मिनिटांत गाईच्या कोरड्या नाकावर दवासारखे थेंब दिसू लागतात, स्नायू थरथरतात, ती ढेकर देते, शेण टाकते, आणि पुष्कळदा तासा दोन तासांत उभी राहते. सुमारे चौथा हिस्सा गाई दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा बसतात, कारण दूध चालूच असते आणि हाडांची दारे अजून पुरती उघडलेली नसतात. म्हणून पहिले एकदोन दिवस कास पूर्ण रिकामी न करता वासराला लागेल तेवढेच काढावे असे सांगतात. या पुन्हा बसण्याला मराठीत 'दुखणे उलटले' असा नेमका शब्दप्रयोग आहे. तो ज्याच्या कानी पडला असेल, तो गाय उभी राहिल्याच्या आनंदात त्या रात्री गोठ्याकडे पाठ करून निजत नाही. दर दोनतीन तासांनी उठून तिचे कान चाचपून येतो.